शेपट्या मोजायच्या

बुधवार, ४ मार्च

गुडघ्याने आज पुन्हा छळ मांडला. पाचला डॉक्टरांचा नंबर होता म्हणून साडेचारलाच आवरायला घेतलं. माकडं आत यायलाच तयार नाहीत! पपई दाखवली तेव्हा कुठे हलली. सात डोकी आत, दार सोडलं. नेहमीसारखा कालवा. मेहुण्याला म्हटलं, "पाणी तेवढं दे, रजिस्टरात सही कर, मी निघतो." डॉक्टर म्हणे शिड्या चढू नका. मग काय, पिंजऱ्यावर उडत जाऊ?

गुरुवार, ५ मार्च

ठकीची शेपटी गेली.

सकाळी मेहुणा आधी पोचला होता. फोनवर नुसतं "भाऊजी, लवकर या, लवकर या." जाऊन बघतो तर ठकी आतल्या खोलीत आणि शेपटी वरून सोडायच्या लोखंडी दाराखाली चेपलेली. रात्रभर तशीच! आमच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी अर्ध्याच्या वर कापून टाकली. "दुसरा इलाज नाही," म्हणाल्या.

बावीस वर्षं मी प्राणिसंग्रहालयात या स्पायडर मंकींत काढली. शेपटीच्या टोकाला आतून केस नसतात. तळहातासारखी उघडी कातडी, तिच्यावर बारीक रेषासुद्धा. मी झाडायला शिरलो की ठकी त्या शेपटीने माझं मनगट धरायची. झाडून होईपर्यंत सोडायची नाही. बायकोने कधी एवढा वेळ हात धरला नाही माझा.

हे त्या गाढवाचंच काम. दुसरं कोण?

शुक्रवार, ६ मार्च

साहेबांनी दोघांना बोलावलं. मी सरळ सांगितलं — मी गेलो तेव्हा सगळं ठीक होतं, पाणी द्यायला यानेच दार उघडलं असणार. रजिस्टरात सहीपण त्याचीच. तो म्हणतो, "मी दाराला हातच लावला नाही. पाणी जाळीतून दिलं."

"मग ती ओरडली ते ऐकू आलं नाही?"

"साहेब, दार पडलं की सातही ओरडतात. रोजच."

काय तोंड वर करून बोलतो! तीन वर्षांपूर्वी मीच याला चिकटवला इथे. पहिल्या दिवशी पहिला धडा दिला — डोकी मोजायची नाहीत, शेपट्या मोजायच्या. ही जनावरं अख्खं अंग आत घेतात आणि शेपटीने बाहेरची जाळी धरून बसतात. शेपटी सगळ्यात शेवटी सुटते. डोकी मोजून दार सोडलं की झालाच घोटाळा. किती कानीकपाळी ओरडलो! चाळिशीचा घोडा, दोन लेकरांचा बाप, आणि लक्ष कुठे असतं देव जाणे.

शनिवार, ७ मार्च

बायकोने ताट आदळलं. "तुम्हीच लावलंत त्याला, आता तुम्हीच काढा." काढणारच. आमटी खारट होती. मुद्दाम.

सोमवार, ९ मार्च

ठकीला बाहेर सोडलं. सरसर वर चढली, सवयीने शेपटी फांदीवर टाकली आणि हात सोडले. शेपटी कुठे होती? धपकन खाली. उठली, पुन्हा चढली, पुन्हा तेच. चार वेळा. बघायला आलेले लोक हसत होते. हसा, हसा!

मी आत जाऊन मनगट पुढे केलं. तिने पाठ वळवली, ते थोटूक हलवलं, माझ्या हातावर घासलं. मग मागे वळून बघितलं, काय अडकलंय म्हणून. मला रडू फुटलं. नळावर जाऊन तोंड धुतलं.

मेहुणा तिथे उभा. "भाऊजी, दोन फांद्यांच्या मध्ये दोर ताणून बांधू का? तिला हातांनी धरता येईल." म्हटलं, "तू कशाला हात लावू नकोस." तरी दुपारी बांधलेच त्याने. घट्ट बांधलेत. हे मात्र जमतं.

मंगळवार, १० मार्च

बायको बोलत नाही. बरंच आहे.

गुरुवार, १२ मार्च

साहेब म्हणाले, "तुमचा लेखी जबाब द्या, तारीखवार. त्याला काढायचा कागद तयार आहे, तुमच्या जबाबावर अडलाय." उद्या देतो म्हटलं.

फाटकापाशी मेहुणा आडवा आला. "भाऊजी, एकच सांगा. दार सोडायच्या आधी तुम्ही शेपट्या मोजल्या होत्या? तुम्ही हो म्हणालात तर मी गप बसतो."

मलाच विचारतो! शिकवणाऱ्याला! बावीस वर्षांत माझ्या हाताखाली एका जनावराला ओरखडा आला नाही.

"हो," म्हटलं. "मोजल्या."

तो खरंच गप बसला. सायकल घेऊन गेला.

शुक्रवार, १३ मार्च

जबाबासाठी तारखा उतरवायला ही वही काढली. चार तारीख. अक्षर माझंच. "सात डोकी आत, दार सोडलं."

डोकी.

पान फाडायला धरलं होतं. नाही फाडलं. वही पिशवीत घातली, साहेबांना दाखवायला. बायकोला म्हटलं, "तुझ्या भावाला फोन लाव."

सहा दिवसांनी बोलली. "आता आणखी काय ऐकवायचं राहिलंय त्याला?"