पायाखालचा ब्रेक

प्रिय चिंगे,

काल तुझा फोन आला तेव्हा मी मुद्दामच फार बोलले नाही. फिरत्या दवाखान्यातली नोकरी तुला मिळतेय, गावोगाव फिरून गुरं तपासायची, म्हणजे ज्यासाठी गुरांची डॉक्टर झालीस तेच काम. आणि गाडी स्वतः चालवावी लागणार म्हणून तू सोमवारी नकार कळवणार. ‘आई, स्टिअरिंगचा आणि माझा छत्तीसचा आकडा आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे,’ असं म्हणून हसलीस आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करायला लागलीस. माझा गुडघा ठणठणीत आहे. फोनवर मी काही सांगायला लागले की तू ‘हो गं, हो गं’ करून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. कुरिअरने पाठवतेय, सोमवारच्या आत मिळेल. शेवटपर्यंत वाच आणि मग काय कळवायचं ते कळव.

आधी माझी बातमी. गेल्या आठवड्यात वाहतूक पोलिसाने माझी पावती फाडली. ओल्या रस्त्यावर गाडीवरचा ताबा सुटला, असं त्यावर लिहिलंय. तुला सांगितलं नव्हतं, कारण तुझ्या बाबांचं तोपर्यंत ते इतक्या जणांना सांगून झालं होतं की मला पुन्हा सांगायचा कंटाळा आला.

मी गाडी शिकले हे तुला माहीत आहे, पण कशी शिकले ते नीट सांगितलेलं नाही. तुझ्या बाबांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली, डॉक्टरीणबाईंना, फुलवाल्याला, बँकेतल्या झाडून सगळ्यांना. आणि त्यांची बायको रिटायर होईपर्यंत बसच्या रांगेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लॅबमधून सुटले त्याच आठवड्यात मी म्हटलं, मला शिकवा. म्हणाले, या वयात? मी म्हटलं, वय माझं आहे, तुमची फक्त गाडी. मग मात्र मन लावून शिकवलं. शिकाऊ माणसाला ते अहोजाहो करतात, तसं मलाही करायला लागले. ‘क्लच सोडा, सावकाश, घाई करू नका.’ इतक्या वर्षांच्या संसारात इतक्या मानाने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले. तरी त्यांचं म्हणणं, पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलचीच गाडी घ्यायची आणि ते शेजारी बसणार. त्या गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहेत ना, म्हणजे त्यांच्या जिवाला शांतता.

त्या दिवशी आम्ही चष्मा आणायला निघालो होतो. पाऊस असा नव्हताच, भुरभुर होती, आणि शिकवलेलं माझ्या डोक्यात पक्कं होतं की भुरभुर मुसळधारेपेक्षा वाईट. रस्त्यावरचं तेल धुऊन जात नाही, नुसतं वर तरंगतं. पाण्याच्या टाकीकडून खाली उतरताना पुढचा टेम्पो एकदम हळू झाला आणि आमची गाडी जराशी सरकली. मी घाबरले नाही गं, खरंच. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, ब्रेकवर नुसता टेकवला, दाबला नाही, चाक सरळ धरलं. पुढच्या क्षणी गाडी भिंगरीसारखी फिरली, दुभाजकावर चढली, बाणाची पाटी आडवी केली आणि उलट दिशेला तोंड करून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त दारावर ‘सुरक्षित वाहन चालवायला शिका’ असं रंगवलेली गाडी भर रस्त्यात उलटं तोंड करून उभी, आणि येणारा जाणारा ते सावकाश वाचून पुढे जातोय.

नाक्यावरचा पोलीस धावत आला तर तो बाबांचाच विद्यार्थी. आधी त्याने सलाम ठोकला, ‘सर, तुम्ही?’ म्हणाला, आणि मग स्टिअरिंगवर कोण आहे ते पाहून त्याची पंचाईत झाली. पाटी पडलेली, माणसं जमलेली, सोडून देणार कसा बिचारा. माझं नाव लिहिताना मान वर करत नव्हता. मी तोंड उघडायच्या आत बाबा त्याला म्हणाले, ‘ओल्या रस्त्यात ब्रेक मारायचा नाही म्हणून शंभरदा सांगितलंय हिला. ऐकेल तर शपथ.’ अहोजाहो तिथेच संपलं. गाडी घरी त्यांनी आणली. जेवताना म्हणाले, हौस फिटली ना, आता पुरे. मी हो म्हटलं. मला तरी कुठे दुसरं काही वाटत होतं? वाटलं, वय झालं, पाय आपला राहिला नाही, नकळत दाबला असेल.

दोन-तीन दिवस मी किल्लीला हात लावला नाही. पण एक गोष्ट आत टोचत होती. मला आठवत होतं की मी ब्रेक दाबला नव्हता, तर ब्रेक माझ्या पायापासून खाली गेला होता. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पाय पोकळीत जावा, तसं झालं होतं. घाबरलेल्या माणसाला काय वाटेल ते आठवतं, हेही मला कळतं. पण जन्मभर लॅबमध्ये रक्त तपासलंय. रिपोर्ट पटला नाही की चर्चा करत बसायचं नाही, पुन्हा सॅम्पल लावायचं. दुपारी बाबा झोपले होते तेव्हा शेजारच्या मास्तरीणबाईंना हाक मारली. त्यांना बाबांच्या जागेवर बसवलं, मी माझ्या जागेवर बसले, ब्रेकवर पाय नुसता टेकवला आणि त्यांना म्हटलं, तुमच्या पायाशी ब्रेक आहे तो दाबा. गाडी सुटेल या भीतीने त्यांनी डोळे मिटून दाबलं. माझा ब्रेक माझ्या पायाला सोडून खाली गेला, तीच पोकळी. मी पुन्हा दाबायला लावलं, आणि पुन्हा. शेवटी त्यांनीच विचारलं, अहो, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?

दोन्ही ब्रेक आतून एकमेकांना जोडलेले, म्हणजे त्या दिवशी दाबला तो बाबांनी. आणि चिंगे, ते खोटं बोलत होते असं समजू नकोस. तो पाय त्यांना विचारत नाही. बसमध्ये बसले तरी वळणावर पुढच्या सीटखाली पाय रोवतात, टीव्हीत गाडी घसरली तर चहा सांडतात. आपण दाबला हे त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. दंड भरून टाकला होता, त्यांचा गावात मान आहे, आणि मला काय, बस आहेच की.

मग काल तुझा फोन आला. तू हसलीस ते माझ्या डोक्यातून जाईना. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला तुझं एक वाक्य आठवलं आणि मी उठूनच बसले. सकाळी बाबांना म्हटलं, चला, तुमच्या शिकवायच्या मैदानावर एक फेरी मारायची आहे, शेवटची म्हणा हवं तर. मैदान ओलंच होतं. शेजारी बसवलं, सावकाश चालवत नेली आणि मधोमध चाक जरासं हिसडलं. पाय मी आधीच पोटाशी ओढून घेतले होते. गाडी कचकन थांबली. माझे दोन्ही पाय सीटवर, आणि आम्ही दोघंही त्यांच्या बुटाकडे बघतोय. मला वाटलं, आता चिडतील. चिडले नाहीत. बूट उचलायलाच त्यांना वेळ लागला. मग म्हणाले, ‘पावती माझ्या नावावर हवी होती.’ मी म्हटलं, पावतीचं जाऊ दे. त्यांनी काचेबाहेर पाहिलं आणि विचारलं, ‘मग पोरीच्या वेळी?’

तेवढ्यासाठीच हे पत्र, चिंगे. कॉलेजात होतीस, असाच भुरभुर पाऊस, हीच गाडी, शेजारी बाबा, आणि तू नाल्याच्या कठड्यावर जाऊन आदळलीस. हनुवटीला टाके घालताना तू मला सांगत होतीस, आई, मी नाही दाबला, ब्रेक माझ्या पायाखालून निघून गेला. आम्हाला वाटलं, पोर घाबरलीय, काहीतरी बोलतेय. पुढे घरात त्याचा विनोद झाला, ‘हिच्या पायाखालून ब्रेक पळतो.’ बाबा प्रत्येक नव्या तुकडीला तो सांगायचे, लोक हसायचे, मग तूही हसायला लागलीस, आणि कालपर्यंत हसतेयस. तू खरं सांगत होतीस गं. तुझा पाय जिथे असायला हवा तिथेच होता. तुला गाडी येत होती, आणि चांगली येत होती. बाबांनी सकाळपासून दोनदा फोन उचलून परत ठेवलाय, शेवटी म्हणाले, तूच लिही, माझ्याने तिला हे सांगवणार नाही. तेव्हा सोमवारी हो कळव, तुझं पडून असलेलं लायसन्स शोधून ठेव, लागलं तर नवं करून घेऊ. त्यानंतरच्या शनिवारी आम्ही येतोय. आपली साधी गाडी आणणार, एकाच ब्रेकची, आणि सगळा रस्ता मी चालवणार. मग दोन दिवस तू चालवायचीस, तुझ्या शेजारी मी बसेन. बाबांना म्हटलं, तुम्ही घरीच थांबा, तिला मोकळेपणाने चालवू द्या. तर नाही म्हणाले, मला यायचंच आहे, मी मागच्या सीटवर बसेन, पाय वर घेऊन.

तुझीच,
आई