तुमची छत्तीस फुटी बोट

सर, तुम्हाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि तुम्हाला जाऊनही आता वीस वर्षं होत आली. तरी मराठीतच लिहितेय, कारण इंग्रजीत बसले की माझ्या हातून अहवालच होतो. दिवसभर तेच करते. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत सहाव्या मजल्यावर बसून परदेशी बोटींचे आराखडे संगणकावर तपासते. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेवटपर्यंत चिडवायचे, "बंगळुरात समुद्र कुठला गं? इथली तळीसुद्धा आटली. स्वल्प विचार कर." थकलेय, सर. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, आणि गेल्या महिन्यात तुमचीच बोट माझ्या टेबलावर आली.

मी इंग्लंडला तुमच्या हाताखाली आले तेव्हा तुमची चलती संपली होती. तरुणपणी तुम्ही शर्यतीच्या इतक्या हलक्या बोटी काढल्यात की सगळा किनारा तुमची नक्कल करत होता. मग त्यांतली एक वादळात उलटली, वेळेत सरळ झाली नाही, आणि दोन माणसं परत आली नाहीत. चौकशीत तुमचा दोष निघाला नाही. तरी त्यानंतर तुम्ही शर्यतीचं एकही काम घेतलं नाहीत. कुटुंबांसाठी जड, संथ, उलटली तरी उठणाऱ्या बोटी काढत राहिलात. बडं गिऱ्हाईक गेलं. शिडं शिवणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली उरली. अजून डोळ्यांसमोर आहे: तिथे तुम्ही बोटीची वळणं आखायला लाकडाची लवचीक पट्टी कागदावर वाकवता आहात, ती हलू नये म्हणून वर शिशाची वजनं ठेवता आहात, आणि चष्मा कपाळावर. मी छत्तीस फुटी बोटीच्या कीलमधून, म्हणजे बुडाखालच्या वजनातून, थोडं शिसं कमी केलं होतं. नियमात बसत होतं, म्हणून शाबासकीची वाट बघत होते. तुम्ही कागद परत माझ्याकडे सरकवलात. "नियम पाळलेली माझी एक बोट आधीच उलटली आहे," तुम्ही म्हणालात. "पुन्हा कर." अकरा दिवस लागले. मनातल्या मनात तुम्हाला भरपूर शिव्या घातल्या. त्याच बोटीने पुढे तुमचं नाव परत आणलं. आजही नवी मुलं तिचा आराखडा समोर ठेवून शिकतात.

तिचे हक्क आता एका सहलीच्या कंपनीकडे आहेत. त्यांना उथळ बंदरात शिरायला आखूड कील हवी, उंच केबिन हवी, मोठ्या खिडक्या हव्यात. तुमची बोट जितकी कलंडूनही उठायची, त्याच्या पुष्कळ आधी ही बदललेली बोट हात टेकते, उलटीच राहते. नियमात मात्र बसते, जेमतेम. सही माझी हवी होती. मी दोनदा आक्षेप लिहून पाठवला, दोनदा नम्र उत्तर आलं. आमच्याकडे पुण्याहून आलेली एक हुशार मुलगी आहे. तिने सगळे आकडे पुन्हा तपासले आणि विचारलं, "मॅम, रूल पास होतोय ना? मग आपण कशावर अडलोय?" उद्धटपणा नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. त्या उलटलेल्या बोटीबद्दल तिला सांगायला हवं होतं, जसं तुम्ही मला सांगितलंत. मी म्हटलं, "कशावर नाही. ठेव, करते सही."

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? केली सही. त्याआधी आराखड्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीतून तुमचं नाव मात्र काढलं आणि कळवलं की इतक्या बदलांनंतर ही बोट तुमची म्हणता येणार नाही. कंपनीला जाहिरातीसाठी नाव हवं होतं. बरीच कुरकुर झाली, पण मी अडून बसले आणि शेवटी त्यांनी ऐकलं. सरांची अब्रू राखली म्हणून दोन दिवस मला बरंही वाटलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तेवढ्याच हट्टाने कीलवर अडले असते, तर कदाचित तेही ऐकलं असतं. मला भीती नव्हती, कुणाचा दबावही नव्हता. कंटाळा आला होता. बोटी पाण्यात उतरायला अजून अवकाश आहे. तिसरा आक्षेप आजही पाठवता येईल. तो लिहायचा सोडून मी हे लिहीत बसलेय, कारण याला उत्तर येणार नाही.