कॅसेटींवरची बोलणी पुसली जाऊ नयेत म्हणून

मी, कोलीन मॅकएकर्न, वय सत्तेचाळीस, राहणार डनमोर खाडी, इन्व्हरनेस काउंटी, केप ब्रेटन, कॅनडा, माध्यमिक शाळेत इतिहासाची शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीत आहे, शांत नाही. कायद्याला पहिली गोष्ट पुरते. पुढच्या आठवड्यात हॅलिफॅक्सला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. याआधीची माझी सर्व इच्छापत्रे रद्द समजावीत.

एक. घर आणि त्यामागची खाडीपर्यंतची जमीन माझा धाकटा भाऊ डंकन याला द्यावी. हे मी राग बाजूला ठेवून लिहिले आहे. घर आईवडिलांचे आहे, आणि छप्पर त्याने दोनदा स्वतः चढून दुरुस्त केले आहे. जे त्याचे ते त्याचे.

दोन. बँकेतली शिल्लक चर्चच्या सभागृहाला द्यावी. तिथला पियानो सुरात लावून घ्यावा. उरलेल्यातून खुर्च्या घेऊ नयेत, खुर्च्या पुष्कळ आहेत.

तीन. आता कॅसेटी. माझी आई टीना हिने आमच्या स्वयंपाकघरात जमणाऱ्या फिडलवाल्यांचे, म्हणजे व्हायोलिनवर गावच्या धुनी वाजवणाऱ्यांचे, वादन पाव ठेवायच्या डब्यावर टेपरेकॉर्डर ठेवून वर्षानुवर्षे टिपले. त्या सर्व कॅसेटी, टेपरेकॉर्डर आणि तो संगणकाला जोडायची वायर जोन मॅकफी हिला द्यावी. बहुतेक कॅसेटींवर तिचे वडील ह्यूई वाजवतात, आणि जोनला ऐकता येते. डंकनला कॅसेटी देऊ नयेत. कारण नोंदवून ठेवते, म्हणजे नंतर कोणी मला चक्रम म्हणायला नको.

आई गेल्यावर डंकन म्हणाला, "अगं, माझ्याकडे चांगला संगणक आहे. दे इकडे, सगळं त्यात भरून देतो." मी विश्वासाने खोकी त्याच्या गाडीत ठेवली. त्याने मला एक पेनड्राइव्ह पाठवला. मी लावून ऐकला. फिडल पाण्याखाली वाजवल्यासारखे. पायांचे ठोके नाहीत. एकही माणूस बोलत नाही.

मी फोन केला. तो खूश होता. "किटलीची खरखर किती होती, ऐकलीस ना? धून सुरू व्हायच्या आधीचा थोडा तुकडा निवडला आणि संगणकाला सांगितलं, हा कचरा, जिथे सापडेल तिथून काढ. एका झटक्यात साफ."

"आणि पाय?"

"धपधप येत होती गं. काढली."

"आणि बोलणं?"

"लोकांना धुनी हव्यात, कोलीन. ह्यूईच्या गायीला काय झालं होतं ते कोणाला ऐकायचंय?"

मला ऐकायचे आहे. आमच्याकडे फिडलवाला पायाने ताल देतो. पाय काढले की अर्धे वादन गेले. शिवाय प्रत्येक धुनीआधी आई एकच प्रश्न विचारायची, "हं, ही कोणाकडून घेतलीस?" मग उत्तर यायचे: अँगसच्या जॉनकडून, त्याने आजीकडून, आजी ती चूल पेटवताना गुणगुणायची. या परिसरात निम्मे लोक जॉन आहेत. कॅसेटीवर आईने नुसते 'जॉन, हिवाळा' लिहिले, कारण कोणता जॉन ते आत ऐकू येणारच होते. डंकनच्या साफसफाईनंतर ऐकू येत नाही. धुनी अनाथ झाल्या, आणि त्याने त्यांना क्रमांक दिले.

मूळ कॅसेटींबद्दल विचारले तर म्हणाला, "आता त्यांचं काय काम? गॅरेजमध्ये पिशव्या आहेत, कचरागाडीची वाट बघतायत." काही पिशव्या तोवर गेल्याही होत्या. उरलेल्या मी त्याच दिवशी जाऊन आणल्या. त्याच्या बायकोने चहा विचारला, मी घेतला नाही. तिचा काही दोष नव्हता, याची मला जाणीव आहे.

तेव्हापासून मी स्वतः एकेक कॅसेट संगणकात घेते. तासाच्या कॅसेटीला तासच लागतो, आणि तेवढा वेळ खुर्चीत बसून ऐकावे लागते. डंकनने हे केलेच नाही. मशीन सुरू करून तो बाहेर गेला, आणि जे ऐकलेच नाही त्यातले काय टाकायचे ते ठरवले. माझा राग याचा आहे. हे कलम लिहून मी दोन दिवस बाजूला ठेवले, पुन्हा वाचले. शब्द सौम्य करावेत का, याचा विचार केला. केले नाहीत. जोनने राहिलेल्या कॅसेटी पुऱ्या कराव्यात. काहीही कापू नये, ह्यूईची गायसुद्धा.

चार. वरील कलमाला एक अपवाद. माझे फिडल, गज आणि 'डंकन, नाताळनंतर' असे लिहिलेली एक कॅसेट डंकनला द्यावी. अट अशी की ती त्याने आमच्या स्वयंपाकघरात, त्याच टेपरेकॉर्डरवर, जोनसमोर बसून, सुरुवातीपासून ऐकावी. टेपरेकॉर्डर जोनने तेवढ्यापुरता आणावा.

डंकन तेव्हा नऊ वर्षांचा होता. या कॅसेटीवर तो एक धून वाजवतो; त्याच्या पेनड्राइव्हवर ती पहिल्या सुरापासून सुरू होते. मूळ कॅसेटीत त्याआधी खुर्ची सरकते, किटली उकळत असते, आणि आई विचारते, "हं, ही कोणाकडून घेतलीस रे?"

तो म्हणतो, "कोलीनकडून."

"मग वाजवायच्या आधी तिला चहा नेऊन दे."

सगळे हसतात. कप ठेवल्याचा आवाज येतो. मग तो वाजवतो, बरेचसे बेसूर.

माझेच नाव कापले गेले म्हणून तर मी एवढी चिडले नाही ना, असे मी स्वतःला विचारले आहे. थोडे तसेही असेल. पण त्याने ते कापले तेव्हा ऐकलेले नव्हते. एकदा ऐकावे. नंतर कॅसेटीचे काय करायचे ते त्याने ठरवावे, मी त्यावर अट घालत नाही.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम जोन मॅकफी हिने स्वीकारले आहे. खालील दोघांसमोर मी सही केली. थिरेसाचे म्हणणे पडले की एवढे तापून लिहिलेस तर झडप इथेच जाईल. तिला वाचायला दिलेले नव्हते, तिने माझ्या चेहऱ्यावरून सांगितले.

सही: कोलीन मॅकएकर्न

साक्षीदार: थिरेसा कॅमेरन, शेजारीण
साक्षीदार: रॉडी बुकॅनन, खेकडे पकडणारा, डनमोर धक्का

डनमोर खाडी, स्वयंपाकघराचे टेबल
१४ नोव्हेंबर २०२३