एकवीस दिवसांचं पथ्य

१४ मार्च, सकाळ ९.२०
गावाहून धाराशिवला परत. एसटीत लिहितोय म्हणून अक्षर हलतंय.
काल बिरोबाच्या देवळात आबांसमोर भंडारा उचलून शपथ घेतली. यंदा जत्रेत देवाची थाळी मी धरणार. आमच्या घराचा चार पिढ्यांचा मान. मेंढरांमागं चालून चालून आबांचा गुडघा गेलाय, आता बापाची थाळी पोरानं धरायची. थाळी धरणाऱ्याला एकवीस दिवस पथ्य: दारू न्हाय, मटण न्हाय. मोडलं तर मान दुसऱ्या घरी. चुलता टपलेलाच हाय.
आबांनी विचारलं, जमंल का. म्हणलं, आबा, मी एमएस्सी करतोय.
आईनं भंडाऱ्याची पुडी दिली, रोज कपाळाला लावायला. आजपासून दारू बंद. कायमची न्हाय, एकवीस दिवस. माणसानं झेपंल तेवढंच ठरवावं.

१५ मार्च
एक दिवस पूर्ण. काही त्रास न्हाय. उगं बाऊ करतात लोक.
रूम पार्टनर रेवणसिद्ध म्हणला, चार दिवस काढून दाखव. हा जानेवारीत गॅदरिंगला पिऊन जिन्यावरून पडला, तवापासून सोडली. भित्रा. मी कधी पडलो न्हाय. बसलेल्या जागीच झोपतो.

१७ मार्च, संध्याकाळ ५
शांतपणे विचार केला. पथ्य बिरोबाचं. बिरोबा आमच्या गावचा. गावची शीव येडशीच्या पलीकडंच संपती. मग धाराशिवात पथ्य लागू होतं का? लॉच्या एका पोराला विचारलं. तो म्हणला, ज्युरिस्डिक्शन बघावं लागतं, हद्द कुणाची ते. कायद्याचा माणूस हाय, उगं बोलणार न्हाय.
तरी पण फक्त बीअर. एक.

१८ मार्च, दुपार १२
चार. पण बीअरच.

२१ मार्च
बीअरनं पोट फुगतं. तब्येतीचा विचार करून देशीवर आलो. सकाळी एक क्वार्टर घेतली की हात थिर राहतो. ह्याला व्यसन म्हणत न्हाईत. आमचा विषय बायोकेमिस्ट्री, पिपेट धरावी लागती. लिहायला बसलो तर टेबल हलतंय. घरमालकाला सांगायला पाहिजे.

२४ मार्च
रेवण म्हणतो, तुझे डोळे पिवळे दिसतात. अरे, रोज भंडारा लावतो. मार्चचं ऊन, कपाळाचा घाम डोळ्यात उतरतो. हा विभूती लावणाऱ्या घरचा, ह्याला भंडाऱ्याचं काय कळणार.
अंग लई खाजतंय. हळदीत भेसळ असणार. आईला सांगू का? नको, तिनं देवाच्या नावानं दिलीय.

२६ मार्च, संध्याकाळ
आज प्रॅक्टिकल: रक्तातलं बिलिरुबिन, लिव्हर गाळतं ते पिवळं द्रव्य, मोजणं. सर म्हणले, आपापलं रक्त काढा. माझी पार्टनर दीपमाला. वर्गात तिचीच वही सगळ्यात नेटकी. तिच्या नळीला जरासा रंग आला. माझी नळी जांभळीगर्द. तिचा आकडा ०.८, माझा ९.४.
रीएजंट खराब. मी लगेच ओळखलं. दीपमाला म्हणली, एकाच बाटलीतलं हाय की. मग बाटलीच्या तळाचं मला आलं असणार. काही गोष्टी पुस्तकात नसतात.
वहीत मी ०.८ लिहिलं. सरांनी बघितलं, सही केली. म्हणजे मी नॉर्मल, सहीनिशी.

२९ मार्च
भूक न्हाय. लघवी कोऱ्या चहासारखी. पाणी कमी पितोय, दुसरं काही न्हाय. रेवण दवाखान्यात चल म्हणून दोनदा मागं लागला. आज माझी शाल पांघरून माझ्याच कॉटवर बसून राहिला, उठंना. शेवटी शिव्या दिल्या तवा गेला. नंतर वाईट वाटलं. ते जावं म्हणून थोडी घेतली.

३१ मार्च, दुपार
कॉरिडॉरमध्ये दीपमालानं अडवलं. आवाज चढवला न्हाय, तेच जास्त लागलं.
"आकडा माझा हाय, मल्हार. माझं रक्त तू किती दिवस वापरणार?"
म्हणलं, जत्रा झाली की तपासतो. ती म्हणली, जत्रेपर्यंत टिकशील का. पोरींना प्रत्येक गोष्टीत नाटक लागतं.
थोडी भीती वाटली, हे मान्य करतो. भीती उतरायला वेळ लागला. बाटली संपली तरी उतरली न्हाय.

२ एप्रिल, सकाळ १०
गावाकडं निघालो. येडशीच्या स्टँडवर पिशवीतली शेवटची संपवली आणि बाटली तिथंच टाकली. शिवेच्या आत एक थेंब नेला न्हाय. माणसाला तत्त्व पाहिजे.

३ एप्रिल
रात्रभर डोळा लागला न्हाय. घाम. हात ताब्यात न्हाईत. भाकरीचा वास आला की उलटी. आई म्हणली, तोंड किती उतरलंय, डोळे असले कशानं. म्हणलं, अभ्यास. आणि भंडारा, तू दिलेला, रोज लावतो. तिला लगेच पटलं. उलट डोळे भरून आले तिचे, पोरगं नेमानं लावतंय म्हणून.
पटलं तर बरं वाटायला पाहिजे होतं.
फक्त उद्याचा दिवस. उद्या थाळी धरली की सुटलो.

४ एप्रिल, संध्याकाळ ७
झालं! मान राहिला.
सकाळी ढोल सुरू झाले, थाळी हातात आली आणि हात थरथरायला लागले. थाळी खडखड वाजायला लागली. मला वाटलं, संपलं सगळं. चुलता पुढं सरकला. तेवढ्यात कोणीतरी म्हणलं, देव आला, पोराच्या अंगात देव आला! ढोलवाल्यांनी जोर धरला. माणसं पाया पडायला लागली. शेजारच्या गजराबाईंनी पायावर डोकं ठेवून विचारलं, लेकीला औंदा मूल होईल का. आता देव न्हाय म्हणंल का? म्हणलं, होईल.
मग भंडारा उधळला. माणसं, मेंढरं, ढोल, सगळं पिवळं. महिन्यात पहिल्यांदा मी चारचौघांसारखा दिसलो. लई हलकं वाटलं.
आबा तेवढे पाया पडले न्हाईत. लांब उभं राहून माझ्या हाताकडं बघत होते. त्यांनी उभी हयात अंगात येणारी माणसं बघितलीत.

५ एप्रिल, सकाळ ८
हौदावर सगळ्यांची आंघोळ. साबण लावला की पिवळं पाणी. चुलता गोरा निघाला, पोरं गोरी निघाली. मी दोनदा साबण लावला. आई म्हणली, थांब, तुला मानंमागं जमत न्हाय. घासणी घेऊन घासायला लागली. खाली बघितलं, तर पाणी स्वच्छ. ती घासतच राहिली. मान, पाठ, दंड. कातडं सोललं.
मी म्हणलं, आई, पक्का रंग असंल.
तिचा हात थांबला. "भंडारा निघालाय, लेकरा. कवाच निघालाय."
मी पुन्हा भंडाऱ्याचं काहीतरी बोलायला लागलो. तिनं ओल्या हातानं माझं तोंड दाबलं. म्हणली, त्याचं नाव घेऊ नको.

७ एप्रिल, धाराशिव, दवाखाना
डॉक्टरांनी विचारलं, किती पितोस. म्हणलं, कधीमधी. रेवण शेजारी उभा होता. त्यानं खरं सांगितलं. आबांनी ऐकलं. लिव्हर लई सुजलंय. परत घेतली तर वाचायची खात्री न्हाय, असं डॉक्टर मला न्हाय, आईला बोलले.
आबा रागावले न्हाईत. उशाखालची भंडाऱ्याची पुडी काढून घेतली, खिशात ठेवली. म्हणले, चुलत्याकडं निरोप धाडलाय, पुढच्या साली थाळी त्याच्याकडं. लंगडत बाहेर गेले. लई वेळ आले न्हाईत.
दीपमालाला मेसेज केला, माझा आकडा ९.४ होता. तिचा एकच शब्द आला: माहितीय.
आजचा आकडा १४.६.
इथं एसटी न्हाय, टेबल न्हाय. कॉट भिंतीला टेकलीय, जराबी हलत न्हाय. अक्षर मात्र हलतंय.