धर्मशाळेच्या पायरीवर

अहो,

गेलेल्या माणसाला मायना काय लिहावा हे मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून नेहमीचीच हाक. पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध. तुमच्या आई म्हणतात, पाटावर ठेवायला फोटो हवा. निम्म्या नाशिकचे फोटो तुम्ही काढलेत आणि तुमचा एकही नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! तुम्ही गेलात तेव्हा बेबी दोन वर्षांचीही नव्हती. काल तिनं विचारलं, बाबांना मिशा होत्या का? मी हो म्हटलं, पण केवढ्या होत्या ते मलाच नीट सांगता येईना. त्याचं फार वाईट वाटलं.

दिवसा तुम्ही नवरा-नवरी आणि मुंजीचे बटू यांचे फोटो काढायचात. पौर्णिमा जवळ आली की दुकान लवकर बंद आणि करीमभाईंचा टांगा दारात. कुठे जायचं, तर बंद पडलेली गिरणी, साहेब सोडून गेलेला देवळालीकडचा बंगला, नाहीतर मोटारी सुरू झाल्यापासून ओस पडलेली सिन्नर रस्त्यावरची धर्मशाळा. लोक म्हणायचे, हा गुप्तधन शोधतोय. ते सापडलं असतं तर माझ्या हातात काचेच्याच बांगड्या राहिल्या असत्या का?

तिथे माझं काम एकच. अंधारात घड्याळ दिसत नाही, म्हणून आईंची जपमाळ घेऊन मी कॅमेऱ्यापाशी बसायची. भिंगाची टोपी काढली की माळ सुरू, मेरुमणी हाताला लागला की टोपी परत. तेवढ्या वेळात तुम्ही कंदील घेऊन खोल्याखोल्यांतून उजेड पाडत फिरायचात. फोटोत खोल्या उजळलेल्या दिसायच्या आणि तुम्ही कुठेच नसायचात. "माणूस हलत राहिला की कॅमेऱ्यातल्या काचेवर उमटत नाही," असं तुम्ही सांगितलं होतंत. मला 'टोपीवाली' म्हणायचात. रामनाम माझं, फोटो तुमचा. देवाला ते चालत असावं.

धर्मशाळेच्या त्या शेवटच्या खेपेला निम्मी माळ झाली आणि तुमचा कंदील पायरीवर थांबला. हलेचना. एकाच जागी उजेड साचला की काच बिघडते. टोपी घालून काच वाचवता आली असती, पण सुरू केलेली माळ मध्येच टाकायची नाही, ही आईंची शिस्त. मी पुरी माळ जपली. मग टांग्यात घरी येईपर्यंत काच फुकट गेली म्हणून तुम्हाला बोलत राहिले. तुम्ही गप्प. मला वाटलं, रुसलात. महिन्याभरानं तुम्ही गेलात.

आज रद्दी काचा सोड्याच्या पाण्यात घालायला काढल्या. वरचं चित्र धुऊन काच तसबिरीला वापरायची, ही तुमचीच रीत. करीमभाई पाण्याच्या बादल्या आणून देत होते. मी सवयीनं एकेक काच उजेडात धरत होते, तर एकीवर धर्मशाळेच्या कमानी आणि पायरीवर बसलेलं माणूस. काचेवर काळं-पांढरं उलटं उमटतं, पण काळ्याचं पांढरं वाचायची मला सवय आहे. ते तुम्ही होतात.

करीमभाईंनी वाकून पाहिलं. म्हणाले, "वहिनी, सायबांना त्या रातीला लय दम लागला व्हता. तुम्ही कॅमेरा आवरत व्हता, तवा टांग्यात चढवताना छाती धरली व्हती त्यांनी. मला म्हनले, घरी बोलू नको."

करीमभाईंना सांगता येतं आणि मला नाही? मी एवढी बोलत होते, तेव्हा एका शब्दानं थांबवलं का नाहीत? मला आज तुमचा राग आला आहे. खराखुरा. आणि रागावून बसायला समोर कुणी नाही.

दुपारी फोटो छापला. कंदील शेजारी असल्यामुळे चेहरा स्वच्छ आला आहे. मिशा बेताच्याच. अंगातून मागचा दगड दिसतो, कारण बसलात ते निम्म्या माळेपुरतेच. पाय मात्र नाहीत. बसल्या जागी पाय हलवायची तुमची खोड!

आई याला भूत म्हणतील अशी मला धास्ती होती. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"पाय कशाला हवेत? हलवत होता म्हणजे तोच," त्या म्हणाल्या. "जेवताना पाय हलवायचा म्हणून किती मार खाल्ला माझा."

बेबीनं मिशीवर बोट ठेवलं आणि मग ते बोट माझ्या ओठांवर ठेवून पाहिलं.

पेन्सिल घेऊन पाय काढता येतील, अंगातला दगडही झाकता येईल. तुम्ही गिऱ्हाइकांना ते करून द्यायचात. मी करणार नाही. तुम्ही जसे उमटलात तसेच पाटावर बसाल.

आणि येत्या पौर्णिमेला करीमभाई टांगा आणणार आहेत. मी म्हटलं, कॅमेरा लावीन, पण पायरीवर मी बसले तर माळ कोण जपणार? आई म्हणाल्या, "माळ माझीच आहे. मी जपीन."

त्याच पायरीवर बसेन, तुमची जागा सोडून. मेरुमणी येईपर्यंत हलणार नाही, हे वचन.

तुमचीच,
टोपीवाली