पानाबाहेरचे देव

४ जानेवारी १९९९
आज शुभदाने 'ग्रुप' शिकवला. गिरगावातलं हे लग्नपत्रिकांचं दुकान तिच्या वडिलांचं, आता तीच बघते. "काका, महिरप, नावं, सगळं सिलेक्ट करून ग्रुप करा. मग एकाला ढकललं की सगळे जातात." करून बघितलं. खरंच जातात.
मिलमध्ये साड्यांची डिझाइनं करायचो, तेव्हा प्रत्येक रंगाचा कागद वेगळा. एक बिघडला तर एकच फाडायचा. संपात मात्र आम्ही सगळे असेच ग्रुपमध्ये. सोडवायची कमांड कोणाला ठाऊक होती? सतरा वर्षं... असो.

९ जानेवारी
फाइल उघडायला फार वेळ घेते. कारण मला माहीत आहे, शुभदाला नाही. दर वेळी जुन्याच पत्रिकेत नवी नावं घालतो. पण घरागणिक देव निराळा. नवा आणला की जुना पानाबाहेर, कडेच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवतो. तिथलं छापत नाही. डिलीट करायला हात होत नाही. आज मोजले. सदतीस. डावीकडे सोळा, उजवीकडे एकवीस.

१५ जानेवारी
वरळी कोळीवाड्याची पत्रिका. मुलीची आई, काशीबाई, स्वतः आली. नवरा वारलेला. "त्याचं नाव मोठं टाक हां सावंत. पोरीवर लय जीव होता."
सगळं सिलेक्ट, ग्रुप, पानाच्या मधोमध. एका दमात झालं. छापायला पाठवली.

२० जानेवारी
पत्रिका छापून आल्या. डावी कड कापलेली. बापाच्या नावाआधीचं 'कै.' गेलं.
पानाबाहेरचे देवही ग्रुपमध्ये आले होते. उजवीकडे जास्त, म्हणून मधोमध आणताना पत्रिका डावीकडे सरकली. पडद्यावर मला दिसलं नाही.
काशीबाई बघून आधी हसली. "तीन वर्सं झाली त्याला जाऊन. तू जिता केलास? मग बोलाव की मांडव घालायला!" मग पदर डोळ्यांना. शुभदा म्हणाली, सगळ्या नव्याने छापून देते. जाताना बाईने चुकलेली एक मागून घेतली. "ही माझ्याजवळ राहू दे."
शुभदाने फाइल उघडली. बाहेरची देवांची रांग बघितली.

२२ जानेवारी
"काका, मला बोलायला वाईट वाटतं. पण परवा संध्याकाळपर्यंत बाहेरचं सगळं उडवा. नाहीतर मशीनवर दुसरं कोणी बसवीन, तुम्ही काउंटर बघा."
मिल सुटली तेव्हा बत्तीसचा होतो. हे काम डोळे फोडून शिकलो. आता पन्नाशीत तिसरं काय शिकणार? देव फ्लॉपीत घेऊन चौपाटीवर सोडावेत, असंही मनात आलं. पण फ्लॉपीत जाते ती नक्कल. इथले इथेच राहतात.

२३ जानेवारी
लालबागला घरी सौ.ला सांगितलं. वाटलं होतं, माझी बाजू घेईल.
"इतके देव तुमी कोंडून ठेवलास? ना फूल, ना दिवो!"
मी समजत होतो, सांभाळतोय.
मग तीच म्हणाली, "गणपतीक उत्तरपूजा झाली की जाग्यावरसून जरा हलवतत ना? तसे हलवा, परत येवा म्हणा, आणि सोडा."

२४ जानेवारी
आंघोळ करून आलो. चपला बाहेर काढून मशीनपुढे बसलो. सगळे एका ग्रुपमध्ये घेऊन एकदम हलवता आले असते. तसं नको. एकेकाला बाणाच्या बटणाने केसभर हलवायचं, नाव घ्यायचं, परत या म्हणायचं, डिलीट.
दुपारपर्यंत चोवीस. शुभदाने दोनदा चहा पाठवला.
शेवटी आमच्या गावचा वेतोबा. त्याला हलवलं. पुष्कळ वेळ बसलो. मग तोही.
पानाच्या दोन्ही बाजू पांढऱ्या. मिल बंद झाल्यावर गेटातून आत बघितलं होतं, तसं काहीसं.
फाइल बंद करायला गेलो तर मशीन विचारतं, बदल ठेवायचे का? नाही म्हटलं तर सदतीसही परत येतात.
शुभदा शटरची किल्ली घेऊन मागे उभी आहे. "झालं का, काका?"
"एवढं लिहितो," म्हटलं. वही मांडीवर आहे. पडद्यावर प्रश्न तसाच.