काळं झाकतं, पांढरं दाखवतं

प्रिय राजेश्वरी,

अक्षर बघून हसू नकोस. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात, माहीत आहे मला. टेबल हलतंय असं समज आणि वाच. फोनच केला असता, पण आवाज जरा बदलला की तू मला धरतेस आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून मोकळा होतो.

आपल्या फोटोच्या दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला होता. दुरुस्तीवाल्यानं सगळं पुसून नव्यानं भरून दिलं. फोटो वाचले, पण फोटोतला नको तो भाग झाकायच्या त्या मास्कच्या ब्रशला तू लावून ठेवलेली सेटिंग गेली. तू लग्न होऊन पुण्याला गेलीस तरी ती तशीच होती. ब्रश उचलला की तोच आकार, तीच मऊ कड, तोच हलका जोर. मला आकडे कधी पाठ करावेच लागले नाहीत. आता ब्रश येतो तो केरसुणीएवढा. कड किती मऊ ठेवायचीस, जोर किती, काही केल्या आठवेना. डोक्यात एवढंच राहिलंय, "आप्पा, काळं झाकतं, पांढरं दाखवतं." मी हमखास उलटं करायचो आणि तुझी अव्वा चहा ठेवता ठेवता हसायची.

मध्यंतरी त्याच ब्रशनं घात केला. बब्रुवानची बायको हरणाबाई वारली. हार घालायच्या फोटोसाठी त्यानं पोराच्या लग्नातला फोटो आणून दिला. चेहऱ्यावरचे डाग झाकता झाकता माझ्याकडून कपाळावरचं कुंकूही झाकलं गेलं. तसाच मोठा केला, काच लावली, देऊनही टाकला. पाहुण्यांनी भरलेल्या घरात फ्रेम उघडली. बब्रुवान दुकानात आला, पण भांडला नाही. फ्रेम काउंटरवर ठेवून म्हणाला, "आप्पा, म्या जित्ता हाय की अजून." सवाष्ण गेलेली बाई मी पांढऱ्या कपाळाची करून दिली, पोरी. एवढं ठसठशीत कुंकू, आणि ते गेलेलं मला दिसलं नाही. मान वर करवेना.

मग सोलापूरला डोळे दाखवले. काचबिंदू आहे. कडेकडेनं काळं आत येत चाललंय, मधे वाटीएवढं उरलंय, तेही धुरकट. तू शिकवताना म्हणायचीस, मास्कनं काही पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं, पांढरा ब्रश फिरवला की परत येतं. मी डॉक्टरांना तसंच विचारलं. ते म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायला थेंब घाला. न चुकता घालतोय. तरी डावा डोळा गेलाच.

सेटिंग कळव, असं लिहायला बसलो होतो. आता कळवू नकोस. आकडे कळले तरी पडद्यावरचे दिसायचे नाहीत. दिवाळीनंतर दुकान रिकामं करून देतोय. अव्वा गेली, माहेरी आई उरली नाही म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरवलंस, ते बरोबरच आहे. इथं कोण करणार तुझं? फक्त एक ऐक. बाळ झालं की तू हौसेनं मोबाइलवर फोटो पाठवशील, आणि शेजारचे मला सांगत बसतील, नाक कुणाचं, कपाळ कुणाचं. मला ते सोसायचं नाही. फोटो पाठवू नकोस. सव्वा महिना झाला की घेऊन ये आणि माझ्या मांडीवर ठेव. मी हातानं बघीन.

तुझाच,
आप्पा
मुरुम